लाल फुगा की रीळ

प्लंबरकाका रविवारी समुद्रात बुड्या मारून भाल्याच्या बंदुकीने मासे टिपत. बंदुकीच्या लांब दोराला बांधलेला लाल फुगा वर तरंगे. काठावर काकू त्याच्यावर डोळा ठेवून देवाचं नाव घेत.

स्वतःही बुड्या मारणाऱ्या मेव्हण्याने डिवचलं, "दाजी, दावं बांधून कसली शिकार करता? बंदुकीवर रीळ लावा. दोर तिथेच गुंडाळलेला राहतो, फुग्याची कटकट नाही."

काकांनी रीळ लावलं आणि पहिल्याच रविवारी दांडगा मासा घेऊन वर आले. काकू चपलांसकट कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या.

"मासा बघ!"

"बघितला. आधी तुम्ही दिसायला हवे होतात."

काकांनी रीळ मेव्हण्याला देऊन टाकलं. मेव्हण्याच्या बायकोने ते संध्याकाळीच परत आणून दिलं.