अफूची गोळी आणि माझा दीर

माझ्या धाकट्या दिराएवढा भांडकुदळ माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा झाला नाही. सकाळी तो आधी कोंबड्यावर खेकसायचा, उशिरा आरवला म्हणून. वरवट बकालच्या बाजारातून पिशवीभर कांदे आणि तेवढंच भांडण घेऊन यायचा. वरण पातळ झालं तर, "वयनी, याच्यात पोहू का?" घट्ट झालं तर, "कुऱ्हाड आण." खायचा मात्र पोटभर. मी सासरी आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून मीही त्याला अरे-तुरेच करत असे. दुसरा शौक अफूचा. दाढ, गुडघा, अपमान, काहीही दुखलं की तिळाएवढी गोळी जिभेखाली.

महाराष्ट्र नवा झाला त्या सुमारास त्याच्या छातीत पू झाला. आवाज बसला. घर इतकं शांत झालं की शेजारीण विचारायला आली. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बरगड्यांमधली जागा सुईनं बधिर केली, बोटभर छेद घेऊन नळी घातली. नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. अफूच्या जातीचं इंजेक्शन मुद्दाम दिलं नाही. मला म्हणाले, "बाई, त्यानं दुखणं थांबेल, पण हा गुंगून पडेल. खोकणार नाही. खोकला नाही तर दबलेलं फुप्फुस उघडायचं नाही, आणि मग हा वाचायचा नाही."

दुखतं म्हणून दीर खोकेना. श्वाससुद्धा उसना आणल्यासारखा घेई. रुमालाच्या घडीत त्यानं गोळी लपवली होती; ती काढून मी माझ्या पानसुपारीच्या चंचीत टाकली.

"वयनी, दे ना मले."

"काऊन देऊ?"

"मी मरून राह्यलो."

"मरणारा इतका मागत नाही बे. जोरात माग, ऐकू येत नाही मले."

"कसाईण हायेस तू. माह्या भावाचं नशीबच फुटलं."

"भावाचं राहू दे. तुह्या लग्नात तुही बायको काऊन रडत होती, सांगू का साऱ्यांले?"

तो कोपरावर उठला, छाती भरून घेतली आणि माझ्या माहेरच्या तीन पिढ्या काढल्या. मग खोकला. बाटलीत पू भसाभसा उतरला. डॉक्टर धावत आले, बाटलीकडे पाहून म्हणाले, "बाई, उद्याही या."

बुलढाण्यातच मुक्काम करून मी रोज गेले. चंची दाखवायची आणि माहेरचा उद्धार ऐकून घ्यायचा. एका सकाळी त्यानं अशी शिवी हासडली की सगळा वॉर्ड उठून बसला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि नळी काढली. परतताना एसटीत तो कंडक्टरशी भांडत होता, आणि मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

पुढे तो पुष्कळ जगला. आता मी म्हातारी, म्हणून लोक माझ्याशी हळू, जपून बोलतात. छाती भरून भांडावं असं कोणाला वाटत नाही.