डबलचा अर्थ नंतर कळेल

ब्रिज क्लबात त्यांना सगळे भाष्यकार म्हणत, आणि हा मान आहे असा त्यांचा समज होता.

टाइल्सच्या शोरूममध्ये मॅनेजरी करण्यात त्यांची उभी हयात गेली. फिकट निळ्या सांगितल्या होत्या आणि घरी राखाडी आल्या, अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की ते चष्मा कपाळावर चढवत आणि शांतपणे समजावत, की तुम्ही तोंडाने निळ्या म्हणालात खरं, पण तुमच्या बाथरूममधला उजेड बघता तुम्हाला म्हणायच्या होत्या राखाडीच. अर्ध्या तासाने गिऱ्हाईक थकून निघून जायचं. भाष्यकारांच्या लेखी ते पटून गेलेलं असायचं. थकणं आणि पटणं यांतला फरक या माणसाला कधीच कळला नाही.

घरीही तेच. बायको म्हणाली की आज मला बाहेर जायचं नाही, तर समोर बसलेल्या पाहुण्यांना ते सांगत, "तिला म्हणायचंय, आग्रह करा." पाहुणे बिचारे आग्रह करत. मुलगा शिकून दूर निघून गेला. त्याचा फोन यायचा तो आईच्या मोबाइलवर, आणि तोही भाष्यकार शोरूममध्ये असतील अशा वेळी. मुलगा वडिलांना घाबरून आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि ते मनोमन सुखावले.

हे सगळं जवळून पाहणारी बाई म्हणजे त्यांची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. ती जनावरांची डॉक्टर. चावणारी, ओरबाडणारी, लाथा घालणारी गिऱ्हाइकं तिच्या रोजच्या सवयीची, त्यामुळे माणसांवर ती सहसा चिडत नसे. भाष्यकारांबद्दलही सुरुवातीला तिला विशेष काही वाटत नव्हतं. तिचा तिटकारा त्यांनी कष्टाने कमावला.

ब्रिजमध्ये त्यांच्यासमोर भिडू म्हणून बरीच वर्षं तिची ताईच बसायची. पुढे पुढे पत्ते हातात धरले की तिची मान आखडायला लागली. एक दिवस ती धाकटीला म्हणाली, "गुरुवारी संध्याकाळी तू बसशील का गं यांच्यासमोर? मला पोहायला जायचंय." ताईने जन्मात काही मागितलं नव्हतं. अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या बाईला भाष्यकार काय जड, असं म्हणून धाकटीने होकार दिला. गाय बरी, हे तिला नंतर कळलं.

ब्रिजमध्ये पत्ते टाकण्याआधी बोली चालते, कुठला रंग हुकूम करणार आणि किती हात जिंकणार याची. त्या बोलीत 'डबल' म्हणून एक शब्द आहे आणि त्याला अर्थ दोन आहेत. एक दंडाचा: तुम्ही बोललात ते तुम्हाला जमायचं नाही, आता हराल ते दामदुपटीने हरा. दुसरा विचारणेचा: भिडू, यांच्या रंगात माझ्याकडे काही नाही, उरलेल्यांतला तुझा चांगला रंग बोल. कुठे कुठला अर्थ घ्यायचा हे भिडूंनी आधी ठरवायचं असतं, आणि विरुद्ध जोडीने विचारलं तर तेही उघडपणे सांगायचं असतं. शब्द दोघांचा असला तरी अर्थ चौघांचा, असा हा मामला.

धाकटीने पहिल्याच गुरुवारी विषय काढला, की आपण हे ठरवून घेऊ. भाष्यकार हसले. म्हणाले, "अगं, डबल जिवंत असतो. त्याला पिंजऱ्यात कोंडायचं नसतं." मोकळे सोडलेले जिवंत प्राणी काय करतात हे धाकटीला चांगलं ठाऊक होतं, पण पहिलाच दिवस म्हणून तिने विषय सोडून दिला.

मग व्हायचं ते झालं. एका डावात विरुद्ध जोडी एक बदामवरून उडी मारून तीन बदामवर गेली आणि भाष्यकारांनी बोलीच्या छापील पत्त्यांच्या डब्यातून डबलचा लाल पत्ता काढून टेबलावर ठेवला. क्लबात अशा जागी सगळे विचारणा धरत. धाकटीनेही धरली आणि ती हातात सर्वांत जास्त पत्ते असलेला आपला रंग, किलवर, बोलली. डाव सपशेल बुडाला. भाष्यकारांनी हातातले चार दांडगे बदाम पंख्यासारखे पसरून दाखवले. दंडाचा डबल होता, म्हणाले, माझ्या चेहऱ्यावरून तरी कळायला हवं होतं. चेहऱ्यावरून अर्थ ओळखणं ही ब्रिजमध्ये लबाडी समजतात, पण तेवढ्यापुरतं नियमाला कोण विचारतो.

पुढे काही आठवड्यांनी हुबेहूब तीच बोली आली. या वेळी धाकटी दंड समजून गप्प राहिली. विरुद्ध जोडीने तीन बदाम हसतखेळत केले, वर एक हात जादा काढला. भाष्यकारांच्या हातात बदाम निघाला एकुलता एक, तोही दुर्री. "विचारणा होती. शेंबड्या पोरालाही कळेल," ते म्हणाले. धाकटीने मागच्या वेळची आठवण करून दिली.

"मागच्या वेळी पत्ते वेगळे होते," ते म्हणाले.

धाकटीने पत्ते गोळा केले. या माणसाला आपण काय बोललो याची लाज नाही, इतकंच नव्हे तर आपण काही बोललो हेच त्याच्या गावी नाही. डाव बुडाला की अर्थ बदलायचा आणि चूक समोरच्याच्या पदरात घालायची, एवढी यांची विद्या. वरातीमागून घोडं नाचवायचं, आणि वर घोडं पुढेच होतं म्हणून सांगायचं. ताईची मान कशाने आखडत होती हे तिला त्या दिवशी नीट समजलं.

क्लबची वार्षिक स्पर्धा आली. क्लबच्या हॉलमध्ये हिरव्या कापडाची टेबलं, कोपऱ्यात चहाची मोठी किटली, आणि टेबलांमधून फिरणाऱ्या पंचबाई. भाष्यकार त्या दिवशी कोट घालून आले होते. दुसऱ्याच फेरीत एका दातांच्या डॉक्टरशी आणि त्यांच्या भिडू बाईंशी गाठ पडली. डॉक्टर एक बदाम बोलले, धाकटी पास, डॉक्टरांच्या भिडू तीन बदाम. आणि भाष्यकारांनी लाल पत्ता ठेवला.

डॉक्टरांनी रीतसर धाकटीला विचारलं, "या डबलचा तुमच्यात अर्थ काय?"

धाकटीने पत्ते पालथे ठेवले. "आमच्यात एकदा हा दंडाचा होता, एकदा विचारणेचा," ती म्हणाली. "आजचा अजून ठरलेला नाही. पत्ते उघडले की भावोजी सांगतील."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. आता इथे भाष्यकारांनी गप्प बसायचं असतं. भिडूला आपल्या डबलचा अर्थ स्वतःच्या तोंडाने सांगायचा नसतो, हे नवशिक्यालाही माहीत असतं. पण न बोलणं त्यांना कधी जमलं होतं? "ठरलेला नाही कसा? दंडाचा आहे, धडधडीत दंडाचा," ते म्हणाले.

पंचबाई आल्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि शांतपणे निकाल दिला. काही ठरलेलं नसेल तर ठरलेलं नाही, एवढं सांगणं पुरे. मात्र भिडूने मध्ये तोंड घातलं आहे. तेव्हा दुसरी कुठली रास्त बोली असेल, तर धाकटीला त्या बोलण्याचा फायदा घेऊन गप्प राहता येणार नाही.

खरी गंमत अशी, की तिच्याकडे धड एकही रंग नव्हता आणि ती पास म्हणणारच होती. भाष्यकारांनी जीभ आवरली असती, तर त्यांना आयुष्यात एकदा हवा तो दंड मिळाला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता डॉक्टर पास म्हणाल्यावर धाकटीने हातातल्या चार फुटकळ इस्पिकांवर निमूटपणे तीन इस्पिकची बोली करून टाकली. डॉक्टरांच्या भिडूंनी तत्काळ लाल पत्ता ठेवला. त्याचा अर्थ कुणालाही विचारावा लागला नाही.

डाव असा बुडाला की हॉलमध्ये त्याची चर्चा झाली. चहाच्या वेळी भाष्यकार डॉक्टरांना गाठून समजावू लागले, की त्यांचं मधलं बोलणं हे बोलणं नव्हतंच, तो एक उद्गार होता. डॉक्टर त्यांचं वाक्य अर्धवट सोडून कप ठेवायला निघून गेले ते परत आले नाहीत.

धाकटीही त्यांच्याबरोबर घरी आली होती. पोचल्यावर त्यांनी सगळी हकीकत ताईला आपल्या परीने सांगितली. ताई टॉवेलने केस पुसत होती. मग तुम्ही मध्ये बोललात कशाला, एवढंच तिने विचारलं. त्यावर त्यांनी जे सुरू केलं ते धाकटीने मध्येच तोडलं.

"भावोजी, मी पुढच्या गुरुवारपासून येणार नाही."

"म्हणजे तुला जरा विश्रांती हवी आहे."

"नाही. येणार नाही म्हणजे येणार नाही."

ते समजूतदारपणे हसले. पुढच्या गुरुवारी क्लबात त्यांनी सांगितलं, की मेहुणी कामाने फार दमली आहे आणि तिनेच रडकुंडीला येऊन सुट्टी मागितली.

नवा भिडू काही मिळेना. ज्याला विचारावं त्याचं नेमकं कुणाशी तरी ठरलेलं असायचं. एवढी सगळी माणसं एकाच वेळी ठरून कशी गेली हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. भाष्यकारांनी निष्कर्ष काढला की त्यांच्या खेळाची धास्ती बसली आहे. शेवटी क्लबने त्यांना मागची छोटी खोली दिली आणि नवशिक्यांना शिकवायला बसवलं. शिकणारे भराभर गळाले. उरलं एक नवराबायकोचं जोडपं. त्यांची मुलगी वरच्या मजल्यावर गाणं शिकायची आणि तोवर त्यांना बसायला जागा हवी होती. विषय वरच्या पातळीवर गेला की गर्दी कमी होतेच, असं भाष्यकारांनी ताईला सांगितलं. ताई बरं म्हणाली आणि पोहायला गेली. ती आता आठवड्यातून तीनदा जाते.

धाकटी डॉक्टरांबरोबर खेळू लागली होती. त्यांच्या भिडू बाई गाव सोडून गेल्या होत्या. एका चहात दोघांनी सगळे डबल ठरवून टाकले. तरीही पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी तिच्या डबलचा उलटा अर्थ लावला आणि डाव घालवला. "चुकलो मी," ते म्हणाले आणि पुढचे पत्ते उचलले. धाकटी सवयीने प्रवचनाची वाट बघत बसली. ते आलंच नाही, तेव्हा तिनेही पत्ते उचलले.

घरी जाताना मागच्या खोलीच्या काचेतून तिला भाष्यकार दिसले. फळ्यापाशी उभे, हातात खडू, समोर घड्याळ बघणारं जोडपं. आता तरी या माणसाची कीव यायला हवी, असं तिला वाटलं. ती क्षणभर थांबली. मुक्या जनावरांची येते तशी येईल म्हणून तिने वाट पाहिली. आली नाही. ती जिना उतरून गेली.