सुपडूभाऊला केळं बंद

माझी वहिनी लिलाबाई म्हणजे चोपड्याकडची पक्की केळीवाली. गावात कुणी आजारी पडलं की ही निघालीच केळ्यांची फणी घेऊन. ताप असो, बाळंतपण असो, नाहीतर कुणाचा पाय मोडलेला असो, हिचं औषध एकच! तसं आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला सगळेच केळी नेतात, हात हलवत गेलं तर लोक नावं ठेवतात. पण हिची श्रद्धा काही औरच. डबाबंद भाजीला ती सरळ 'मढं' म्हणायची.

आणि नेमक्या तिच्याच नवऱ्याच्या, माझ्या सुपडूभाऊच्या किडन्या निकामी झाल्या. जळगावला डायलिसिस सुरू झालं. तिथल्या आहाराच्या मॅडमनी बजावलं, "यांच्या रक्तात पोटॅशियम साचतंय. वाढलं तर हृदय बंद पडेल. केळं बंद, अगदी एक घाससुद्धा नाही. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं."

"अवो, सगळं सत्त्वच फेकायचं?" वहिनी म्हणाली.

"यांना तेच बाधतं. अडीनडीला डब्यातले वाटाणे चालतील थोडे, पाणी ओतून, नीट धुऊन. पण केळं नाही."

ऐकलंत? मढं चालेल, केळं नाही! वहिनीच्या डोक्यात काही ते शिरेना.

भाऊला मात्र लगेच उमगलं. घड भरावा म्हणून केळीला पोटॅश त्यानंच तर जन्मभर घातलं. "बागेला देतो तेच माझ्या अंगात साचतंय, पुष्पे," म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

सून समीक्षा इमानेइतबारे भाज्या उकळायची. भाऊ दोन घास खाऊन ताट सरकवायचा. दिवसेंदिवस वाळत चालला, खाटेवरून उठवेना. आणि भेटायला येणारे फण्या आणून ठेवायचे, ओसरी पिवळीधमक! वहिनी आतल्या आत कुढायची. "नवऱ्याला उपाशी मारतेय मी," म्हणायची.

"वहिनी, भलतंसलतं करू नको हं," मी दटावलं होतं.

पण ऐकेल तर शपथ! एक दिवस समीक्षा माहेरी गेली आणि भाऊनं ताटाला हातच लावला नाही. "घरनं शे, यानी काय व्हई?" घरच्या केळ्यानं काय होणार, असं म्हणत वहिनीनं दोन केळी कुस्करून त्याला भरवली. त्यानंही खाल्ली. बायको कितीतरी दिवसांनी हसली म्हणून खाल्ली, असं मला वाटतं.

संध्याकाळी त्याचे हातपाय लुळे पडले. मी धावत आले तर खाटेशी केळ्याच्या साली! गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी वहिनीकडे बघतसुद्धा नव्हते, इतका राग आला होता.

दवाखान्यात धावपळ झाली, मशीन लागलं. जीव वाचला. मग डॉक्टर कडाडले, "पोटॅशियम एवढं वाढलं कसं? केळं कुणी दिलं यांना?"

"मीच खाल्लं," भाऊ पुटपुटला. "चोरून. बागेत जाऊन."

माहेराहून धावत आलेली समीक्षा रडतच त्याच्यावर तुटून पडली, "आबा, आम्ही एवढं करतो आणि तुम्ही चोरून खाता?" तो मान खाली घालून ऐकत राहिला. अरे, ज्याला खाटेवरून उठवत नाही तो बागेत जाणार कसा?

वहिनी भिंतीपासून पुढे आली. "पोरी, त्यांना बोलू नको. मी भरवलं. माझ्या हातानं."

भाऊनं तिचा हात ओढून घेतला.

"गोड होती पण, लिला," तो म्हणाला.

मेल्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली मला. बाहेर जाऊन मी पोटभर रडले.