कॅशियरकाकांची खिडकी

आमचे कॅशियरकाका माणसाकडे दोनदा बघायचे. एकदा ओळखपत्र हातात घेण्याआधी आणि एकदा त्यावरचा फोटो बघून झाल्यावर. चेक एकाचा आणि पैसे न्यायला आलेला दुसराच असेल, तर विचारूच नका. कार्ड लांब धरायचे, जवळ आणायचे, चेकच्या मागे सही घ्यायचे. रांग वैतागायची. "काका, पाव्हणा हाय तो तुमचा," असं कोणी म्हणालं, की म्हणायचे, "म्हणूनच बघतोय."

याला कारण होतं. कर्जतच्या त्या लहानशा बँकेत सगळेच सगळ्यांना ओळखत. कळंबच्या एका आजीनं घराच्या छपरासाठी थोरल्या पुतण्याच्या नावानं चेक दिला आणि तो घेऊन आला धाकटा. "घरातलाच हाय," रांगेनं ग्वाही दिली. काकांनी कार्ड न बघता पैसे दिले. ते आजीपर्यंत पोचलेच नाहीत. "तुमी त्याला वळखता, पन चेकवर नाव कोनाचं व्हतं?" एवढंच ती विचारून गेली. त्या पावसाळ्यात तिचं घर गळत राहिलं.

पुढे माझी आई दवाखान्यात होती. ऑपरेशनआधी पैसे भरायचे होते. तिनं माझ्या नावाचा चेक दिला आणि मी धावत बँकेत गेले. काका नेरळला आमच्या शेजारी राहायचे, मला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तरी म्हणाले, "कार्ड?"

"काका, मला ओळखत नाही?"

"वळखतो गं. त्यालाही वळखत होतो."

मी रागानं चेक खिडकीवर आपटला. काकांनी खिडकीतून स्कूटरची किल्ली सरकवली. "घरी जाऊन कार्ड घेऊन ये. मी हाय इथंच."

परत आले तेव्हा व्यवहाराची वेळ टळून गेली होती. साहेब मागे कुरकुरत होते. काकांची खिडकी तेवढी उघडी होती, जेवणाचा डबा तसाच बाजूला. त्यांनी कार्ड बघितलं, मला बघितलं आणि पैसे दिले. संध्याकाळी दवाखान्यात आईसाठी पेज घेऊन आले. "राग गेला का गं?" मी नाही म्हटलं. खरंच गेला नव्हता.

निवृत्तीनंतर काका खालापूरला लेकीकडे गेले. हल्ली त्यांना माणसं आठवत नाहीत, असं कळलं म्हणून परवा भेटायला गेले. "कोण गं तू?" मी नाव सांगितलं. त्यांना पटेना. शेवटी पर्समधून कार्ड काढून हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ आणलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आईचं आपरेशन झालं का गं?"

आईनं त्यानंतर नातवंडं खेळवली. तिला जाऊनही आता वर्ष होईल.

"झालं, काका," मी म्हणाले. "वेळेत झालं. तुम्ही खिडकी उघडी ठेवली होती ना."