लाल्याला नेता करू नका!

पुतळ्यांच्या कारखान्यात प्लास्टरची भुकटी आणि किस्से, दोन्ही कितीही झाडा, संपत नाहीत. जेवायला बसलं की नखांतून निघतातच. आमच्या काकांचा भोरमध्ये असा कारखाना आहे. मी शिल्पकलेची पदवी घेतली आणि तिथे माती मळायला लागले. कारण काकांच्या मते पुतळ्याच्या चेहऱ्याला हात लावायला माणूस निदान साठीचा तरी लागतो!

काकांनी आयुष्यभर चौकातले नेते केले. त्यामुळे पालीच्या आण्णांचं काम आलं तेव्हा त्यांना अपमानच वाटला. आण्णा आणि हिराकाकू राजगडाच्या पायथ्याला ट्रेकर लोकांना जेवण करून घालतात. त्यांचा कुत्रा लाल्या पाहुण्यांना गडावर न्यायचा आणि परत आणून सोडायचा. तो म्हातारा होऊन गेला, आणि त्या पाहुण्यांनीच ठरवलं, अंगणात लाल्याचा ब्राँझचा पुतळा बसवायचा. अगदी लाइफ-साइज.

"आता या वयात कुत्री करू का मी?" काका म्हणाले. "तूच कर. आण्णा 'हाच लाल्या' म्हणाले, तर पुढची कामं तुझी. नाहीतर मुकाट माती मळायची."

"लिहून द्या!"

"लिहून मी माझ्या बापालाही काही दिलं नाही."

*

पहिला घोळ फोटोंचा. ट्रेकर लोकांनी ढिगाने फोटो पाठवले, पण सगळ्यांत ट्रेकरच! दात, गॉगल, मागे बालेकिल्ला, आणि कोपऱ्यात लाल्याचा अर्धा कान.

तो कानही फाटका. अर्ध्या फोटोंत डावा फाटका, अर्ध्यांत उजवा. सेल्फीत डावं-उजवं उलटं होतं हे माझ्या लक्षात यायला दुपार गेली, आणि कुठला फोटो सेल्फी आणि कुठला दुसऱ्याने काढलेला हे आता खुद्द काढणाऱ्यांनाही आठवेना.

मी आण्णांना फोन लावला. "आण्णा, लाल्याचा कुठला कान फाटका होता?"

"आता काय सांगू पोरी? माझ्या म्होरं चालायचा त्यो. मला शेपूट ठाव हाय."

मागून काकूंचा आवाज आला, "उजवा! हळद म्या भरलीया त्यात. दोनदा चावला मला त्यापायी!"

मी काकांना विजयाने सांगितलं, "उजवा!" काका पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "दोन्ही अख्खे कर. पुतळ्यात कुणाचा कान फाटका असतो का?"

*

मग साइज. काकांचा नियम असा की उघड्यावर पुतळा खऱ्या मापाचा केला की खुजा दिसतो, म्हणून सव्वापट करायचा. त्यांनी केलेले सगळे नेते सव्वापट आहेत. (काही तर हयातीतच होते.)

आण्णा एसटीने माप सांगायला आले. त्यांना काकांनी अर्धा तास समजावलं. दृष्टी, अंतर, आकाश, चौथऱ्याची उंची. आण्णांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "समदं पटलं. पण सव्वापट केला तर वासरू हुईल की वो!"

लाल्या लाइफ-साइजच राहिला. त्या दिवशी मला आण्णांना साष्टांग नमस्कार घालावासा वाटला.

*

एका गुरुवारी मी मेण आणायला पुण्याला गेले. मातीचा लाल्या ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक टाकून, 'कुणी हात लावू नका' असं तीनतीनदा बजावून गेले.

परत आले तर लाल्याची छाती पुढे! हनुवटी वर! नजर लांब, क्षितिजाच्या पलीकडे! झेडपीला उभा राहिलेला कुत्रा!

"काका!!"

"जरा सुधारलं गं. फार लाचार दिसत होता."

"आता जाकीट तेवढं घाला आणि एक हात वर करा!"

"पुतळा वर बघतो. मी चाळीस वर्षं हेच करतोय."

"लाल्या वर बघायचा नाही! लाल्या लोकांच्या सॅककडे बघायचा!"

मी चिडून त्यांच्या देखत लाल्याची मान खाली ओढली, आणि ती ओढताना गळूनच पडली. पुढचे चार दिवस मी जेवताना कुणाशी बोलले नाही. मान मात्र सॅककडेच बघणारी बसवली.

*

ओतकामाच्या दिवशी आमच्याकडे भट्टीला नारळ फोडतात, आणि ज्यांचा पुतळा त्यांच्या घरातलं काहीतरी वितळलेल्या रसात टाकतात. तांब्याचा गडवा, पितळी फुलपात्र, असं काही. आण्णांनी पिशवीतून काढली ती लाल्याची जेवणाची थाळी. जर्मनची!

आता ब्राँझच्या रसात जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम, गेलं की रस जाड होतो, नीट वाहत नाही, आणि ओतकाम सच्छिद्र निघतं. हे काकांना माहीत नाही असं नाही. पण आण्णांचे डोळे भरलेले बघून काकांचेही भरले. "एवढ्याने काय होतंय? टाका, टाका."

"थाळी टाकायची नाही!" मी भट्टीसमोर आडवी झाले.

"अगं, भावना आहेत त्यांच्या!"

"मग भावना टाका! थाळी नको!"

शेवटी आण्णांनीच थाळी भट्टीला लांबून ओवाळली, तिला कुंकू लावलं आणि पुन्हा पिशवीत घातली. "खरं हाय. थाळी ग्येली तर त्यो जेवल कशात?"

*

लाल्याला टेम्पोत उभा बांधून पालीला निघालो. वाटेत विंझरला चहाला थांबलो, तेवढ्यात टेम्पोभोवती गर्दी. कुणी कुंकू लावलं, कुणी झेंडू वाहिला. एका आजोबांनी हात जोडून विचारलं, "दत्ताच्या देवळात का? बाकीचं तीन मागनं येत्यात व्हय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका छाती काढून पुढे झाले. "येतील, येतील. आमच्याकडेच करतोय."

कुत्री करायची लाज वाटणारे काका! कारखान्याचा नेमका पत्ता देऊन आले, आणि पुढचा सगळा रस्ता मी लाल्याच्या कपाळावरचं कुंकू ओढणीने पुसत होते.

*

पालीला अंगणात लाल्या उतरवला. आण्णा समोर उभे राहिले. नुसते उभे. एकदा उजवीकडून बघितलं, एकदा मागून. काकांनी घसा साफ केला.

"काय आण्णा? हाच का?"

आण्णा सरळ ओट्यापाशी गेले, आपल्या चपला उचलल्या आणि छपराच्या वळचणीत उंच खोचून ठेवल्या.

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. एकदा लाल्याकडे बघितलं, एकदा काकांच्या पायांकडे.

"पाव्हणं, तुमच्या बी द्या हिकडं. नव्या दिसत्यात. पयल्या त्याच न्हील."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग वाकले, दोन्ही कोल्हापुरी काढल्या आणि मुकाट काकूंच्या हातात दिल्या.