सामता म्हणजे काय?

माझा मामा सुतार. खूश होऊन निघालेल्या गिऱ्हाइकाला थांबवून "हे दार वर्षभरात फुगणार हां" असं तोंडावर सांगणारा. असा माणूस थापांच्या खेळात काय दिवे लावणार?

रविवारी दुपारी जेवणं झाली की आमचा हा खेळ चालतो. मामी जाडजूड शब्दकोशातून कुणाला ठाऊक नसलेला शब्द काढते. आम्ही चिठ्ठीवर त्याचा खोटा अर्थ लिहितो. मामी त्यांत खरा मिसळून वाचते आणि आम्ही खरा ओळखायचा. ज्याच्या थापेला कुणीच फसत नाही, त्यानं भांडी घासायची. नऊ वर्षं मामाच घासतोय, कारण शब्द कुठलाही असो, त्याच्या चिठ्ठीत लाकूड असतंच. "एकदा तरी जिंकू द्या रे," असं तो साबणाच्या हातांनी म्हणतो. हसत म्हणतो, पण दर रविवारी म्हणतो.

परवा शब्द निघाला, 'सामता'. मामानं झरझर लिहिलं. मामी वाचू लागली: रुसलेल्या नवरीची समजूत काढणारा. दोन्ही बाजूंनी घालता येणारी टोपी. लाकडाला भोक पाडायचं हत्यार.

"मामा!" आम्ही एका सुरात ओरडलो. त्या अर्थाला एकही मत पडलं नाही. मग मामीनं कोश सगळ्यांसमोर धरला. भोक पाडायचं हत्यारच! आणि खरा अर्थ लिहिणाऱ्याचा डाव, हा आमचा जुना नियम.

माझी बहीण वकील. ती कसली ऐकतेय! "मामी, तू मुद्दाम शोधून काढलास हा शब्द."

"छे गं, पान आपोआप उघडलं," मामी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"मग मामालाच विचारू. शेजारीच बसलाय, आणि तो काही खोटं बोलायचा नाही. मुद्दाम काढला असेल तर डाव रद्द."

मी मामाला खेटून बसले होते, म्हणून मला दिसलं. त्या पानातून रंध्यानं तासलेली लाकडाची एक कुरळी साल मामीच्या मांडीवर पडली होती. खुणेला घातलेली. मामानं ती पाहिली, मग मामीकडे पाहिलं आणि साल हळूच मुठीत घेतली.

"आपोआपच उघडलं. मी बघत होतो ना."

सगळ्यांनी लगेच मान्य केलं. वकीलबाईंनीसुद्धा. मला तर मामाला मिठीच मारावीशी वाटली.

मी ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर जिंकलेला मामा भांडी घासत होता आणि मामी पुसत होती.

"पुढच्या वेळी खुणेला कागद घाल," तो तिला हळूच सांगत होता. "सालीवरून कुणीही पकडेल."