पहिल्या फेरीचे अकरा सेकंद

भूतबित मी मानत नाही. बारा वर्षं कोड लिहितोय. काहीही विचित्र घडलं की कुठेतरी एक चुकीची ओळ सापडते, एवढंच मला माहीत. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

अकोल्यात माझं आणि प्रमोदचं छोटं ऑफिस होतं. प्रमोद हिवरखेडचा, माझा कॉलेजमित्र. माती परीक्षणाचे आकडे घेऊन खताचा सल्ला देणारा प्रोग्रॅम आम्ही पायथॉन या संगणकाच्या भाषेत करत होतो. तो किती वेळात चालतो, हे प्रमोद मोजायचा. कोडच्या सुरुवातीला वेळ टिपणारी घड्याळाची एक ओळ, शेवटी एक, मग वजाबाकी. अशा लागोपाठ चार-पाच फेऱ्या चालवायचा. पण पठ्ठ्या पहिल्या फेरीचा आकडा कधीच लिहायचा नाही.

"बोरचं पयलं पाणी सोडून देतेत ना, तसं," म्हणायचा.

पहिली फेरी जरा हळू असते, हे खरंच आहे... पण मग तेवढ्या वेळी प्रमोद स्क्रीन स्वतःकडे का वळवतो? मला खटकायला लागलं.

एका दुपारी तो जेवायला गेल्यावर मी प्रोग्रॅम चालवला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. मोबाइल म्हणाला दोन सेकंद. प्रोग्रॅम म्हणाला तेरा. ओळीओळीची वेळ छापून पाहिली, तर जास्तीचे अकरा सेकंद अशा दोन ओळींच्या मध्ये होते, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत सगळं ठीक.

माझी खात्रीच पटली — यानंच काहीतरी पेरलंय. वेळ आली की हाच आकडा काढून आपला प्रोग्रॅम ढिला ठरवायचा, वेगळं व्हायचं आणि स्वतःच्या नावानं विकायचा. तो आल्या आल्या त्या अकरा सेकंदांचं विचारलं.

"मले माईत हाये ते," तो म्हणाला. "मले बी नाही समजून राहिलं, म्हून दाखोलं नाही. तुले मी चोर वाटून राहिलो का?"

मी स्क्रीनवरच्या तेरावर बोट ठेवलं. संध्याकाळी तो त्याचा लॅपटॉप घेऊन निघून गेला.

चार महिन्यांनी, अमरावतीला माझ्या घरी, नव्या लॅपटॉपवर मी स्वतः कोड लिहिला. घड्याळाच्या फक्त दोन ओळी, मध्ये काही नाही. पहिली फेरी — अकरा सेकंद.

प्रमोदला फोन लावला, सगळं सांगितलं, माफी मागितली.

"मशीननं साक्ष देल्ली म्हून फोन केला तू," तो म्हणाला. "नसती देल्ली त?"

अकरा सेकंद कुठून येतात, मला आजही कळलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा. प्रमोदच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तेव्हाच माहीत होतं. मी फोन केला नसता.